चीनमधले 'तुटके पूल': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'तुटका पूल' म्हटल्यावर चिनी माणसाच्या डोळ्यांसमोर कुठला पूल येतो?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हांगचौचा. शहराला लागून शीहू, म्हणजे पश्चिम सरोवर आहे. त्यातून जाणाऱ्या बाय बांधाच्या पूर्व टोकाला एक छोटा दगडी पूल आहे, त्याचं नाव दुआनछियाओ, म्हणजेच तुटका पूल. पण ईशान्येकडचा माणूस यालू नदीवरचा बॉम्बने उडवलेला पूल सांगेल, तैवानमधला माणूस भूकंपात पडलेले विटांचे खांब दाखवील आणि तीन राज्यांच्या युद्धकथांवर वाढलेला एखादा म्हातारा थेट चांग फेइची डरकाळी काढून दाखवील. इंटरनेटवर या सगळ्यांचा काला झालेला दिसतो, म्हणून ही प्रश्नावली.

हांगचौ हे नाव आपल्या कानांवर अलीकडे पडलं ते आशियाई स्पर्धांमुळे. बीडच्या अविनाश साबळेने २०२३ मध्ये स्टीपलचेसचं सुवर्णपदक जिंकलं ते याच शहरात.

मग हांगचौचा पूल तुटलेला आहे का?

अजिबात नाही. चांगला धडधाकट आहे, रोज हजारो लोक त्यावरून जातात. आज दिसतो तो एका कमानीचा पूल १९२१ सालच्या बांधकामाचा. लांबी नऊ मीटरहूनही कमी, रुंदीही जवळपास तेवढीच. नाव ऐकून मोठ्या अपेक्षेने आलेले पर्यटक त्यावरून चालत पलीकडे जातात आणि मग विचारतात, "पूल कुठाय?"

हांगचौकरांनी यावर स्वतःच विनोद करून ठेवला आहे. आमच्याकडे तीन गोष्टी उलट्या आहेत, असं ते म्हणतात: तुटका पूल तुटलेला नाही, एकाकी टेकडी एकाकी नाही आणि लांब पूल लांब नाही. एकाकी टेकडी म्हणजे सरोवरातलं कूशान बेट. ते बांधाने आणि पुलाने काठाला जोडलेलं आहे आणि तिथे माणसांची कायम वर्दळ असते. लांब पूल तर चार ढांगांत संपतो; पण ल्यांग शानबो आणि चू यिंगथाय हे लोककथेतले प्रेमी एकमेकांना पोहोचवायला म्हणून त्यावरून अठरा वेळा इकडून तिकडे गेले, निरोप काही संपेना, म्हणून तो 'लांब'.

मग हे नाव पडलं कसं?

तीन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं, कूशानवरून येणारी बांधावरची वाट इथे तुटते, म्हणजे संपते. दुसरं, बर्फ पडल्यावर पुलाच्या उन्हाकडच्या बाजूचा बर्फ आधी वितळतो, सावलीतला तसाच राहतो आणि लांबून पाहिलं की पांढऱ्या बांधात मध्येच खंड पडल्यासारखा दिसतो. तिसरं, 'दुआन' नावाच्या कुटुंबाचा हा पूल होता आणि आडनावाचा उच्चार 'तुटका' या शब्दासारखाच असल्याने लोकांनी घोळ केला.

तिसरं उत्तर मला पटत नाही, कारण काळ जुळत नाही. थांग काळातला, नवव्या शतकातला कवी चांग हू याने कूशानच्या मंदिरावर कविता लिहिली, तिच्यात शेवाळाने खरबरीत झालेला 'तुटका पूल' आहे. सोंग काळात पुलाला पाओयू असं सरकारी नाव मिळालं आणि 'दुआन कुटुंबाचा पूल' हे नाव आलं ते त्याच्याही नंतर, युआन काळात. नातवाच्या नावावरून आजोबांचं बारसं होत नसतं. बर्फाचं उत्तर सुंदर आहे, पण चांग हूच्या ओळीत शेवाळ आहे, बर्फाचा मागमूस नाही. माझा कौल पहिल्या, सगळ्यात रुक्ष उत्तराला: वाट इथे संपायची.

'तुटक्या पुलावरचा उरलेला बर्फ' हे काय प्रकरण आहे?

पश्चिम सरोवराची दहा प्रसिद्ध दृश्यं आहेत. ही यादी दक्षिण सोंग काळात रूढ झाली, हांगचौ तेव्हा राजधानी होतं. प्रत्येक दृश्याचं चार अक्षरांचं नाव, त्यातलं हे एक. १६९९ साली खांगशी सम्राट इथे आला तेव्हा त्याने दहाही नावं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिली, ती शिळांवर कोरली गेली; पुलाजवळच्या छत्रीत यातली एक उभी आहे. २०११ मध्ये सरोवराचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

दृश्य पाहायचं तर पुलावर जाऊन उपयोग नाही, मागच्या पाओशी टेकडीवर चढावं लागतं. पुलाच्या मधल्या उंचवट्यावर ऊन आलेलं, तिथला दगड काळा पडत चाललेला आणि दोन्ही बाजूंना पांढरा बांध, असं ते चित्र. पण हांगचौत बर्फ थोडेच दिवस पडतो आणि पडला की अख्खं शहर कॅमेरे घेऊन पुलावर उतरतं. एवढ्या पावलांखाली उरणार काय? ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुटीत तर पूलच दिसत नाही, नुसती डोकी दिसतात.

हा बांध कवी बाय च्युई याने बांधला ना?

गाईड तसंच सांगतात. बाय च्युई ८२२ ते ८२४ या काळात हांगचौचा प्रशासक होता, सरोवराच्या पाण्याचं त्याने बरंच काम केलं. पण या बांधाचं जुनं नाव बायशा आणि बाय च्युई स्वतःच्याच कवितेत त्यावर फिरायला आपल्याला किती आवडतं ते सांगतो. म्हणजे बांध आधीचाच होता. पुढे लोकांनी आवडत्या कवीच्या नावावर तो चढवला.

पांढऱ्या नागिणीच्या गोष्टीत हा पूल कुठे येतो?

दोनदा: पहिल्या भेटीत आणि पुन्हा शेवटाकडे. आणि दुसरी वेळ खरी महत्त्वाची आहे.

ज्यांनी गोष्ट ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाय सूचेन ही हजार वर्षं साधना करून स्त्रीरूप मिळवलेली पांढरी नागीण. तिच्याबरोबर शियाओछिंग ही हिरवी (काही ठिकाणी निळी) नागीण, मैत्रीण म्हणा की धाकटी बहीण म्हणा. वसंतातल्या पावसात त्यांची गाठ शू शियान या साध्यासुध्या तरुणाशी पडते, छत्रीची देवघेव होते आणि छत्री परत करण्याच्या निमित्ताने लग्न. इच्छाधारी नागिणीचे सिनेमे पाहिलेल्या आपल्या वाचकाला पुढे काय होणार ते कळलंच असेल. पण इथे ती सूड घ्यायला आलेली नाही. तिला संसार करायचाय, नवऱ्याचं औषधाचं दुकान चालवायचंय.

पाचव्या महिन्याच्या पंचमीला चीनमध्ये मनशीळ घातलेली दारू प्यायची चाल होती, विषारी जीव दूर राहावेत म्हणून. नवऱ्याच्या आग्रहाखातर ती एक पेला घेते, मूळ रूपात येते आणि पलंगावर भलामोठा साप पाहून शू शियान जागीच प्राण सोडतो. ती पर्वतावरून संजीवनी वनस्पती चोरून आणते, त्याला जिवंत करते. मग तो फाहाय नावाच्या भिक्षूचं ऐकतो आणि भिक्षू त्याला चनच्यांगच्या चिनशान मंदिरात अडकवून ठेवतो. गरोदर असलेली बाय सूचेन पूर आणून मंदिराला वेढा घालते, पण लढाई हरते.

आता पूल. थकलेली, कळा येत असलेली बाय सूचेन शियाओछिंगच्या आधाराने तुटक्या पुलापाशी येते. तेवढ्यात मंदिरातून सुटलेला शू शियानही तिथेच पोहोचतो. शियाओछिंग तलवार उपसते: याच्यापायी आपली ही दशा झाली, याला आता सोडत नाही. आणि जिचा विश्वासघात झाला तीच मध्ये उभी राहते. चिनी नाट्यसंगीतात हा प्रवेश 'तुटका पूल' या नावानेच स्वतंत्रपणे सादर होतो. तिघांनाही घाम फोडणारा प्रवेश: एकीला राग, एकीला माया आणि राग एकदम, आणि तिसऱ्याला फक्त लाज. पेकिंग ऑपेरात शू शियान गुडघ्यांवर असतो, ती कपाळावर बोट टेकवून त्याला ढकलते, तो मागे पडायला लागतो तशी तीच हात पुढे करून सावरते. अर्ध्या क्षणाचा अभिनय, पण जाणकार प्रेक्षक त्यासाठीच आलेला असतो.

पहिली भेट पुलावर झाली की होडीत?

जुन्या कथेत होडीत. फंग मंगलोंग याने १६२४ साली छापलेल्या कथासंग्रहात ही गोष्ट आहे. तिथे नायकाचं नाव शू श्वान आहे आणि बाईसाहेब पावसात त्याच्या होडीत येऊन बसतात. शिवाय तिथली नागीण इतकी सोज्वळही नाही, बऱ्यापैकी धडकी भरवणारी आहे. गोष्ट रंगमंचावर फिरत गेली तशी ती मवाळ होत गेली आणि भेट पुलावर सरकली. होडीपेक्षा पूल दाखवायला सोपा, लक्षात राहायलाही सोपा.

नागिणीला ज्या मनोऱ्याखाली कोंडलं तो मनोरा पडला, हे खरं का?

खरं. सरोवराच्या दक्षिण काठावरचा लेइफंग मनोरा ९७५ च्या सुमाराचा, वूयुए राज्याच्या शेवटच्या राजाने उभारलेला. गोष्टीच्या शेवटी फाहाय नागिणीला याच्याखाली कोंडतो; सरोवर आटेल आणि मनोरा पडेल तेव्हाच ती सुटेल, असा कथेतला शाप. २५ सप्टेंबर १९२४ रोजी दुपारी तो कोसळला. कारण जादूचं नव्हतं. इथली वीट घरात ठेवली की भरभराट होते, मुलगा होतो, रेशमाचे किडे चांगले पोसतात, अशा समजुतीने लोक पिढ्यान्‌पिढ्या तळाच्या विटा उकरून नेत होते. पडल्यावर काही पोकळ विटांमधून छापील बौद्ध धारणी-सूत्रं निघाली, तीही ९७५ ची. ती आज चिनी मुद्रणाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मोडतात. प्रसिद्ध लेखक लू शून याने लगेच लेख लिहून आनंद व्यक्त केला, भिक्षूने कशाला नाक खुपसलं होतं, असा त्याचा सूर.

२००२ मध्ये जुन्या अवशेषांवर नवा मनोरा उभा राहिला. आत सरकते जिने आहेत. नागीण परत आत गेली का, हे कुणी विचारत नाही.

हांगचौमध्ये खरोखर तुटलेला पूल कुठला?

छियानथांग नदीवरचा. आणि त्याचं नाव मात्र 'तुटका पूल' नाही. या शहरात हा न्याय उलटाच आहे.

छियानथांग ही भरतीच्या प्रचंड लाटेसाठी कुप्रसिद्ध नदी. तळाशी सरकती वाळू. 'छियानथांगवर पूल बांधणं' हा स्थानिक बोलीत अशक्य कामासाठीचा वाक्प्रचार होता. अमेरिकेत शिकून आलेला अभियंता माओ यीशंग याने ते काम अंगावर घेतलं. १,४५३ मीटरचा, वरून रस्ता आणि खालून रेल्वे असा दुमजली पूल. २६ सप्टेंबर १९३७ रोजी पहिली गाडी त्यावरून गेली. तोवर जपानशी युद्ध पेटलं होतं, शांघाय हातचं जात होतं.

माओने पूल बांधतानाच दक्षिणेकडच्या एका खांबात मोठं भोक ठेवलं होतं, सुरुंगासाठी. नोव्हेंबरच्या मध्यात लष्कराकडून आदेश आला आणि स्फोटकं भरली गेली. दुसऱ्याच दिवशी, १७ नोव्हेंबरला, वरचा रस्ता लोकांसाठी खुला करावा लागला, कारण निर्वासितांचा लोंढा काठावर तुंबला होता. त्या दिवशी लाखभर माणसं पूल ओलांडून गेली. पायाखाली दारूगोळा आहे हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. वरून माणसं, खालून गाड्या आणि गाड्यांच्या इंजिनात धगधगता कोळसा. २३ डिसेंबरला संध्याकाळी जपानी घोडदळ काठावर दिसू लागलं तेव्हा पूल उडवला गेला. रेल्वे सुरू झाल्यापासून एकोणनव्वदाव्या दिवशी.

माओ आराखड्यांच्या चौदा पेट्या घेऊन निघाला, त्या युद्धभर सांभाळल्या आणि नंतर त्याच्याच देखरेखीखाली पूल दुरुस्त झाला. आजही तो वापरात आहे. पुलाच्या नावातल्या चार अक्षरांत धातू, माती, पाणी आणि लाकूड ही चार महाभूतं आहेत, पाचवं अग्नीचं चिन्ह तेवढं नाही, असं लोक गमतीने म्हणत. माओने स्फोटानंतर लिहिलेल्या कवितेत तेच उचललं: अग्नी कमी होता, तोही खराच आला, हा पूल पुन्हा उभा केला नाही तर मी मर्द नाही.

चांग फेइने पूल डरकाळीने तोडला का?

नाही. पूल त्याने तोडला, पण डरकाळीने नव्हे. इसवी सन २०८ मध्ये त्साव त्साव या बलाढ्य सेनानीच्या फौजेपुढे त्याचा प्रतिस्पर्धी ल्यू बेइ पळत होता. हूबेइ प्रांतातल्या तांगयांगजवळ चांगबान इथे त्याने पिछाडी सांभाळायला आपला सरदार चांग फेइला ठेवलं, बरोबर फक्त वीस घोडेस्वार. तिसऱ्या शतकातल्या चन शोऊच्या इतिहासात एकच ओळ आहे: चांग फेइने नदीचा आसरा घेऊन पूल तोडला, डोळे वटारून भाला आडवा धरला आणि ओरडला, "मी चांग यीद, या, मरेस्तोवर लढू!" (यीद हे चांग फेइचंच दुसरं नाव.) कुणी पुढे आलं नाही. यात क्रम स्पष्ट आहे: आधी पूल, मग आव्हान.

पुढे हजारएक वर्षांनी तीन राज्यांच्या युद्धकथांवरच्या प्रसिद्ध कादंबरीने क्रम उलटा केला. तिथे चांग फेइ पुलावर एकटा उभा, मागच्या झाडीत त्याचे स्वार घोड्यांच्या शेपट्यांना फांद्या बांधून धुरळा उडवतायत, त्याच्या तिसऱ्या गर्जनेने शत्रूचा एक सरदार घोड्यावरून पडून मरतो आणि अख्खी फौज पळते. मग चांग फेइ पूल तोडून टाकतो आणि शाबासकीच्या आशेने ल्यू बेइकडे जातो. ल्यू बेइ कपाळाला हात लावतो: अरे, पूल ठेवला असतास तर पुढे सापळा आहे असं समजून ते आले नसते. तोडलास, म्हणजे आपण घाबरलोय हे त्यांना कळलं! आणि तसंच होतं. मला कादंबरीकाराचं कौतुक वाटतं ते इथे. इतिहासातल्या शूर माणसाला त्याने आणखी शूर केलं आणि त्याच दमात थोडा मूर्खही.

यालू नदीवरचा पूल अर्धाच का उभा आहे?

कारण बॉम्ब टाकणाऱ्यांना अर्ध्याच पुलावर टाकायची परवानगी होती.

चीनचं तानतुंग आणि उत्तर कोरियाचं सिनुइजू ही समोरासमोरची शहरं. कोरिया जपानच्या ताब्यात होता तेव्हा, १९०९ ते १९११ मध्ये, जपान्यांनी बारा गाळ्यांचा, सुमारे ९४४ मीटर लांबीचा लोखंडी पूल बांधला. त्याचा एक गाळा खांबावर फिरायचा, म्हणजे उंच डोलकाठ्यांच्या जहाजांना वाट मिळायची. १९४३ मध्ये शेजारीच दुसरा पूल झाला.

कोरियन युद्धात, ऑक्टोबर १९५० मध्ये, चिनी सैन्य 'स्वयंसेवक' म्हणून नदी ओलांडून कोरियात उतरू लागलं. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने पुलांवर हवाई हल्ले सुरू केले, पण वॉशिंग्टनहून सेनापती मॅकआर्थरला बजावलं होतं की फक्त कोरियाकडची टोकं उडवायची, चीनच्या हद्दीत शिरायचं नाही. वैमानिकांना विमानविरोधी तोफांच्या माऱ्यातून पुलाला आडवं येऊन, अर्ध्या पुलावर नेम धरावा लागायचा. जुना पूल तुटला, दुसरा टिकला आणि दुरुस्त होऊन आज 'मैत्री पूल' या नावाने रेल्वे आणि ट्रक वाहतो. थोड्याच दिवसांत नदी गोठली आणि सैन्याला पुलाची गरजच उरली नाही.

कोरियाकडे आता नुसते दगडी खांब पाण्यात रांगेने उभे आहेत. चीनकडचे चार गाळे शाबूत असून १९९३ पासून तिकीट काढून त्यावर जाता येतं. लोखंडावर गोळ्यांच्या आणि बॉम्बच्या तुकड्यांच्या खुणा आहेत, फिरणाऱ्या गाळ्याची यंत्रणाही पाहायला मिळते. टोकाशी वाकलेलं पोलाद आणि पुढे पाणी. लोक तिथे उभे राहून दुर्बिणीतून उत्तर कोरिया पाहतात, फोटो काढतात, आइस्क्रीम खातात. नदीच्या खालच्या अंगाला नवा प्रशस्त केबलचा पूल २०१४ मध्ये बांधून झाला आणि पुढे कित्येक वर्षं वाहतुकीविना पडून राहिला. तो न तुटलेला पूल मला जास्त विचित्र वाटतो.

लूतिंगचा पूलही तुटलेलाच होता ना?

अर्धवट. तातू नदीवरचा हा साखळ्यांचा पूल १७०५-०६ मधला, तेरा लोखंडी साखळ्या, नऊ खाली आणि चार कठड्याला. २९ मे १९३५ रोजी लाँग मार्चमधली कम्युनिस्टांची लाल सेना तिथे आली तेव्हा समोरच्या सैन्याने बऱ्याच फळ्या काढल्या होत्या. साखळ्या जागेवर होत्या. बावीस सैनिक साखळ्यांवरून पुढे गेले, ही सरकारी कथा. लढाई केवढी मोठी होती यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

तैवानमधला 'लोंगथंग तुटका पूल' कुणी तोडला?

भूकंपाने. मियाओलीच्या सान्यी भागात डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेसाठी जपानी राजवटीत बांधलेला विटांच्या कमानींचा हा पूल. विटांच्या सांध्यांत चिकट तांदळाचं खळ घातल्याचं सांगतात. २१ एप्रिल १९३५ च्या ७.१ तीव्रतेच्या भूकंपात तो मोडला. त्या भूकंपात तीन हजारांहून अधिक माणसं गेली. रेल्वेने पडका पूल तसाच सोडून शेजारी नवा बांधला. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात उरलेल्या खांबांनाही मार बसला. लाल विटांचे उंच खांब, त्यांच्या डोक्यावर उगवलेली झाडं, असं ते दिसतं.

मुद्दाम मध्येच तोडून ठेवलेला पूल आहे का?

आहे आणि तो माझा सगळ्यांत आवडता. क्वांगतोंग प्रांतातल्या छाओचौचा क्वांगची पूल, लोकांच्या तोंडी शियांगची पूल. ११७१ मध्ये काम सुरू झालं. दोन्ही काठांकडून दगडी खांब सरकत आले, पण मधल्या पाण्याची ओढ इतकी की खांब ठरेनात. मग मधली जागा एकमेकींना बांधलेल्या होड्यांनी भरून काढली, पुढे अठरा होड्या आणि चोवीस खांब हे गणित पक्कं झालं. जहाज आलं की होड्या सोडायच्या, गेलं की परत बांधायच्या.

लोककथा अशी: चिनी कथांतल्या आठ अमर सिद्धांपैकी हान शियांगची एका काठाने बांधत आला, क्वांगची नावाचा भिक्षू दुसऱ्या काठाने, मध्ये दोघांची शक्ती संपली. तेव्हा हो श्यानकू या सिद्ध स्त्रीने कमळाच्या पाकळ्या पाण्यावर टाकल्या, त्यांच्या अठरा होड्या झाल्या. हान शियांगची हा थांग काळातला लेखक आणि अधिकारी हान यू याचा नातलग मानतात. तो हान यू ८१९ मध्ये छाओचौला हद्दपार होऊन आला होता, नदीचं नावही त्याच्यावरूनच 'हान'. १९५८ मध्ये होड्या काढून पक्का पूल केला. २००७ पर्यंत तो पाडून पुन्हा होड्या आणल्या. आता सकाळी होड्या जोडतात, संध्याकाळी सोडतात, आणि लोक ते पाहायला काठावर जमतात.

एका रात्रीपुरता पूल?

तो आकाशात. ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांची ही लोककथा: विणकर मुलगी म्हणजे आपला अभिजित तारा, गुराखी म्हणजे श्रवण, मध्ये आकाशगंगा. सातव्या महिन्याच्या सप्तमीला मॅगपाय पक्षी एकमेकांना चिकटून पूल करतात, तेवढी एक रात्र भेट. त्यानंतर मॅगपायच्या डोक्यावरची पिसं झडलेली दिसतात, त्यावरून दोघं चालून गेली म्हणून! २०१८ मध्ये चीनने चंद्राच्या मागच्या बाजूच्या यानाशी बोलायला जो उपग्रह पाठवला त्याचं नाव 'छुएछियाओ', मॅगपायचा पूल.

लू योऊच्या कवितेतला तुटका पूल हांगचौचाच का?

नाही. बाराव्या शतकातल्या लू योऊची आलूबुखाराच्या फुलांवरची कविता टपालठाण्याबाहेरच्या तुटक्या पुलाकाठी सुरू होते. तिथे झाड मालकावाचून फुललंय आणि वर सांजवेळचा पाऊस. तो कुठलाही ओसाड साकव असू शकतो. चिनी कवितेत तुटका पूल आला की तिथे माणसांचं येणंजाणं थांबलंय असं समजावं. १९६१ मध्ये माओ त्सेतुंगने याच छंदात, याच फुलावर उत्तर लिहिलं. त्यातून तुटका पूल, पाऊस, एकटेपणा सगळं काढून टाकलं.

'नदी ओलांडून पूल तोडणे' ही म्हण कुठून आली?

अर्थ आपल्या 'गरज सरो, वैद्य मरो'चाच. गोष्ट युआन दरबारातली. १३३५ मध्ये सरकारी परीक्षा बंद करायचं ठरलं. शू योऊरन हा स्वतः परीक्षा देऊन वर आलेला मंत्री, त्याने जोरदार विरोध केला. दुसऱ्या दिवशी परीक्षाबंदीचं फर्मान ऐकायला त्यालाच रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं. भीतीपोटी तो गप्प राहिला. तेव्हा एकाने टोमणा मारला: तुम्ही तर नदी ओलांडून पूल तोडणारे! बिचाऱ्याने पूल वाचवायचा प्रयत्न केला होता, आणि म्हण त्याच्याच नावावर लागली. पाच वर्षांनी परीक्षा पुन्हा सुरू झाल्या.

'तुटका पूल' नावाचं गाव आहे का?

आहे. क्वेइचौ प्रांतातल्या क्वानलिंग तालुक्यात दुआनछियाओ नावाचं गाव आहे. ऑनलाइन नकाशावर नुसतं नाव टाकून शोधलंत तर हांगचौऐवजी डोंगराळ नैर्ऋत्य चीनमध्ये पोहोचाल, तेव्हा शहराचं नाव जोडा.

अलीकडे पडलेल्या पुलांचं काय?

दोन अपघात चीन विसरलेला नाही. ४ जानेवारी १९९९ रोजी छोंगछिंगजवळच्या छीच्यांगचा पादचारी पूल कोसळून ४० माणसं गेली. १३ ऑगस्ट २००७ रोजी हूनानमधल्या फंगह्वांगचा बांधून होत आलेला पूल पडला, ६४ बळी. निकृष्ट बांधकामाला तिथे 'तोफूचा चोथा' म्हणतात. अशा पुलांच्या कविता होत नाहीत, चौकश्या होतात.

पण सप्टेंबर २०१६ मध्ये मेरान्ती वादळाच्या पुरात चच्यांग प्रांतातल्या थायशुनचे तीन जुने लाकडी छताचे पूल वाहून गेले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. हे पूल ओंडके एकमेकांत विणून कमान करतात, वर कौलांचं छत, आत बसायला बाक आणि छोटं देवघर. पूर ओसरताच गावकऱ्यांनी नदीकाठ पिंजून वाहून गेलेल्या तुळया, खांब, फळ्या शोधून आणल्या; कुणी काही किलोमीटर खालून खांद्यावर वाहून आणल्या. सुतारांनी प्रत्येक तुकडा कुठल्या जागेचा ते ताडून बहुतेक जुनंच लाकूड वापरत २०१७ मध्ये पूल पुन्हा जोडले.

पाहायला जायचं तर कुठून सुरुवात करावी?

हांगचौपासून. शांघायहून वेगवान रेल्वेने तासाभरात पोहोचता. पहाटे सहाच्या आसपास तुटक्या पुलावर जा, नंतर मान हलवायला जागा मिळत नाही. तिथून बाय बांधावरून चालत कूशान, दुपारी लेइफंग, आणि संध्याकाळी ल्यूहो मनोऱ्यावर चढा. तिथून छियानथांगचा पूल अख्खा दिसतो, खालून रेल्वे जाताना ऐकूही येते. तानतुंगसाठी वेगळी सहल लागते, शनयांगवरून वेगवान गाडी आहे. हिवाळ्यात जाणार असाल तर कानटोपी न्या, यालूवरचा वारा अंगात शिरतो.